सदरलेखक कुणाशी बोलतो?

आज वृत्तपत्रातल्या सदरलेखकाबद्दल बोलू. अग्रलेख आणि सदर यांत आपली बऱ्याचदा गल्लत होते. अग्रलेखाखाली नाव नसतं, ती पत्राची भूमिका असते. सदराला नाव असतं, आणि दर आठवड्याला तोच माणूस आपल्याशी बोलतोय हे वाचकाला ठाऊक असतं. राजकारणात सदराला वजन येतं ते या ओळखीमुळे.

खान्देशातलाच दाखला घेऊ. साने गुरुजी म्हटलं की आपल्याला 'श्यामची आई' आठवते. पण १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं होतं. काळ लक्षात घ्या. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. म्हणजे साप्ताहिकाचं नाव आणि सत्ताधारी पक्षाचं नाव एकच! आणि इकडे पूर्व खान्देशात अतिवृष्टीनं पिकं गेलेली, शेतकरी सारामाफी मागत होता. गुरुजी त्या मागणीच्या बाजूनं उभे राहिले, गावोगाव सभा घेतल्या. सरकार आपलं आहे, तेव्हा जरा दमानं घ्या, असं त्यांनी शेतकऱ्याला सांगितलं नाही. शिवाय लिहिणारा माणूस समोर भेटत होता. लिहिलेलं पटलं नाही, तर सभेत उठून विचारायची सोय होती. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

भाषेचंही असंच. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनी. (व्याख्यानं उतरवणाऱ्या आमच्या मंडळींचे ते पूर्वजच म्हणायचे!) बोलण्याची लय कागदावर कशी आणायची, हे अशा कामातून हातात बसतं. पुढे 'साधना'त त्यांनी पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रं वाचा. घरच्या गप्पा चाललेल्या असतात आणि मध्येच देशाचा प्रश्न येतो.

आता आजचं बघू. जिल्हा पानांवर राजकीय सदरं भरपूर असतात. कोण कुठल्या गटात, कुणाचा पत्ता कटणार. चुरचुरीत असतात, आम्हीही वाचतो. पण ती बहुधा नेत्यांनी नेत्यांसाठी सांगितलेली गोष्ट असते.

रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी वेगळंच शोधत असतो. त्याचा फळपीक विमा हवामानावर आधारलेला. उन्हाळ्यातल्या उष्णतेची भरपाई बागेत येऊन नुकसान मोजून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. ठरलेला पारा ठरलेले दिवस सलग नोंदला गेला पाहिजे. खंड पडला की हिशोब बदलतो, बाग करपलेली असली तरी! बातमीत येतं, 'मंत्र्यांचं आश्वासन'. पण केंद्र कुठं बसवलंय, नोंद कोण तपासतं, कंपनी कुठल्या आकड्यावर बोट ठेवते, हे उलगडून सांगायला सदर लागतं. पुढच्या आठवड्यात त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करता येतो, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या शेतकऱ्याचं पत्र छापता येतं.