इंग्लिश कपबशी : ओळख आणि जतन

‘कपबशी’ हा सामासिक शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्यातील ‘कप’ समुद्रापलीकडून आला याची आपल्याला आठवणही होत नाही. ज्या वस्तूचे नाव असे घरचे होऊन जाते, तिचा इतिहास विसरला जाण्याचा संभव अधिक असतो. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतील फडताळांत, पारशी कुटुंबांच्या काचेच्या कपाटांत आणि मुंबईच्या चोर बाजारातील दुकानांत इंग्लंडमध्ये घडलेल्या कपबश्या व चहादाण्या आजही आढळतात. घेणारा पुष्कळदा नक्षी पाहून घेतो. विकणाऱ्याला घर रिकामे करावयाचे असते. या व्यवहारात वस्तू टिकते. परंतु ती कोणाची होती आणि घरात कशी आली, ही माहिती मात्र त्याच दिवशी नाहीशी होते. अशी वस्तू ओळखावी कशी, जपावी कशी आणि तिचा आनंद घ्यावा कसा, हे येथे सांगावयाचे आहे. मुख्य मुद्दा असा की, कपाच्या बुडाशी त्याची अर्धीच हकीकत छापलेली असते. उरलेली अर्धी माणसांपाशी असते.

मातीपासून कपापर्यंत

सतराव्या शतकात इंग्लंडात चहा आला तो चीनमधून, आणि त्याच्याबरोबर चिनी वाडगेही आले. या वाडग्यांना कान नसे. गरम वाडगा हातात धरणे कठीण, म्हणून पुढे युरोपीय कारागिरांनी कपाला कान जोडण्यास प्रारंभ केला. चहा आरंभी श्रीमंतांचे पेय होते. १७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहावरील भरमसाट कर उतरवून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा तो सामान्य घरांत पोहोचला आणि भांड्यांची मागणीही वाढली.

ही मागणी प्रामुख्याने स्टॅफर्डशर परगण्याने भागविली. तेथे माती आणि कोळसा ही दोन्ही जवळजवळ सापडत. जोसाया वेजवुड याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मलईच्या रंगाची सुबक मातीची भांडी घडविली. त्याच शतकाच्या अखेरीस स्पोड यांच्या कारखान्यात ‘बोन चायना’ या मिश्रणाची कृती स्थिर झाली. जनावरांच्या भाजलेल्या हाडांची राख सुमारे निम्मी, आणि उरलेल्या भागात कॉर्नवॉलकडील पांढरी चिनी माती व तिच्याच जातीचा दगड, असे हे मिश्रण असते. त्यातून घडलेला कप पातळ, शुभ्र आणि तरीही कणखर होतो. शाकाहारी कुटुंबांत या भांड्यांविषयी काही जणांना आजही वावडे असते, त्याचे मूळ या राखेत आहे.

नक्षी प्रत्येक वेळी हाताने काढलेली असते असे नाही. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून, त्याचा ठसा पातळ कागदावर घेऊन तो भांड्यावर उतरविण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्यास निघाली. निळ्या ‘विलो’ नक्षीतील पूल, झाड आणि दोन पक्षी यांची जी चिनी प्रेमकथा सांगितली जाते, ती चीनमधील नव्हे. ती इंग्लंडातच रचली गेली.

बुडाशी काय वाचावे

कप उलटा धरला की त्याचे वाचन सुरू होते. १८४२ ते १८८३ या काळात नोंदविलेल्या नक्षीवर समभुज चौकोनाच्या आकाराचे चिन्ह आढळते. १८८४ पासून त्याच्या जागी नोंदणी क्रमांक येऊ लागला. अमेरिकेने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केल्यामुळे १८९१ पासून ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसतो. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द बहुधा विसाव्या शतकातले. येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. नोंदणीचे साल हे नक्षीचे असते, त्या विशिष्ट कपाचे नव्हे. लोकप्रिय नक्षी पुढे अनेक वर्षे छापली जाई. तसेच मुद्रेत छापलेले साल पुष्कळदा कारखान्याच्या स्थापनेचे असते. ते वाचून कप अडीचशे वर्षांचा आहे असे मानणारा ग्राहक हमखास फसतो.

डोळा, कान आणि बोट यांचाही उपयोग करावा. बोन चायनाचा कप उजेडासमोर धरून मागे बोट ठेवले की त्याची सावली आरपार दिसते. साध्या मातीच्या कपातून ती दिसत नाही. कप तळहातावर ठेवून काठावर नखाने हलकेच टिचकी मारावी. अखंड कप खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द आवाज देतो. चहादाणीच्या तोटीचे टोक आणि झाकणाची कडा ही प्रथम तपासावीत, कारण टवका तेथेच उडतो. झाकणावरील बारीक छिद्र हा दोष नव्हे. त्यातून हवा आत जाते, म्हणून चहाची धार अडखळत नाही.

कपाची दुसरी हकीकत

ही भांडी भारतात आली ती सरकारी अधिकारी, व्यापारी आणि छावण्या यांच्यामार्फत. पुणे असो की बेंगळुरू, बदली होऊन जाणारा साहेब आपले सामान लिलावात काढी आणि त्यातून इंग्लिश भांडी देशी घरांत शिरत. परंतु घरात शिरणे आणि ओठांना लागणे यांत मोठे अंतर होते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध होताच गहजब उडाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेही टीकेचा विषय झाले.

चिनी मातीच्या एका कपाने विद्वानांचे शहर दुभंगले, याचे आज हसू येईल. पण हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे. नंतरच्या काळात सवर्ण घरांत कपबशी सुखाने नांदू लागली, तेव्हाही गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवण्याची चाल होती, आणि पिणाऱ्याने ती स्वतःच विसळून ठेवावी लागे. अशी कपबशी शोभेच्या कपाटात सहसा आढळत नाही. कपबशीचा इतिहास सांगताना मात्र तिला वगळता येत नाही.

जतन आणि वापर

कप कानाला धरून टांगू नये. कान स्वतंत्र घडवून जोडलेला असतो आणि तोच सर्वांत दुबळा भाग होय. एकावर एक रचताना मध्ये मऊ कागद घालावा. धुताना कोमट पाणी वापरावे आणि सोनेरी कड घासू नये. जुन्या झिलईत शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून झिलई तडकलेल्या भांड्यातून रोज चहा पिऊ नये, आणि लिंबासारखे आंबट पदार्थ जुन्या भांड्यात मुळीच ठेवू नयेत. सुस्थितीतील कप मात्र अधूनमधून वापरात आणावा. चहादाणीत पाणी ओतण्यापूर्वी ती कोमट पाण्याने विसळून घ्यावी. थंड भांड्यात एकदम उकळते पाणी पडल्यास तडा जाऊ शकतो. आपल्याकडे चहा दूध-साखरेसह उकळला जातो, त्यामुळे चहादाणीला स्वयंपाकघरात फारसे काम उरले नाही. एखाद्या संध्याकाळी पातीचा चहा तिच्यात मुरवून पाहावा; तोटीमागील जाळी कशासाठी आहे ते आपोआप कळेल. बशीत चहा ओतून पिण्यातही संकोच मानू नये. ती रीत एके काळी इंग्लंडातही रूढ होती, आणि पुष्कळ जुन्या बश्या त्यासाठीच खोलगट असत.

संग्रह म्हणजे केवळ साठा नव्हे. पुण्यातील दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला तो संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य घरातील वस्तूलाही इतिहास असतो, हे त्यांनी पुष्कळांच्या आधी ओळखले. आपल्यापाशी एकच कप असला तरी तो मार्ग मोकळा आहे. एका वहीत त्याची मुद्रा उतरवून घ्यावी. तो कोठून आला, कोणी वापरला, कोणाला त्यातून चहा मिळत असे आणि कोणाला मिळत नसे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. मुद्रेचा अर्थ पन्नास वर्षांनीही पुस्तकात सापडेल. आजीचे उत्तर मात्र आजच विचारले पाहिजे.