रात्री दहाचा ‘अर्जंट’

5 जानेवारी 2023 रोजी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडण्यातल्या अनेक घरांत शिफ्टचे वेळापत्रक आले. डिचोलीत औद्योगिक वसाहतीमुळे ते आधीपासूनच होते. रात्री दहाला येणारा साहेबांचा ‘अर्जंट’ मेसेज मात्र कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून केली नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. गळून जाणे, कामाचा तिटकारा, हातून काही धड होत नाही ही भावना, ही तिची लक्षणे. आठवड्याला 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त, असे 2021 चा जागतिक अभ्यास सांगतो. तेव्हा ताणाच्या तक्रारीवर ‘योगवर्ग ठेवलाय की!’ हे एचआरचे उत्तर तोकडेच.

मग करायचे काय?

तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ म्हणून ई-मेल टाकावा. जादा तास स्वतःच्या वहीत लिहावेत. कारखान्यातल्या कामगाराला जादा कामाचे दुप्पट वेतन कायद्याने मिळते. खऱ्याखुऱ्या व्यवस्थापकीय पदावर गेल्यावर हे कवच गळते, म्हणून बढतीचे पत्र नीट वाचावे. झोपच उडाली, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.