रुग्णालयाचे बिल भरण्यापूर्वी

आटपाडी तालुक्यातील रुग्णाचा आजार ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्याबाहेर गेला की नातेवाईक त्याला सांगली-मिरजेला हलवतात, आणि तेथे आजाराइतकीच धास्ती त्यांना डिस्चार्जच्या दिवशी हाती पडणाऱ्या बिलाची असते. हे बिल म्हणजे हुकूम नव्हे. तो रुग्णालयाने मांडलेला हिशेब असतो, आणि हिशेब तपासण्याचा अधिकार पैसे मोजणाऱ्याला असतोच.

त्यासाठी प्रथम तपशीलवार बिल मागावे, म्हणजे ‘औषधे’ किंवा ‘इतर’ अशा ठोक रकमांऐवजी प्रत्येक बाबीची तारीख, नग आणि दर वेगळा दाखवणारे बिल. रात्री अकराला दाखल होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी घरी गेलेल्या रुग्णाला खाटेचे दोन दिवस लावले की तीन, हे दिवस मोजण्याच्या पद्धतीवर ठरते, म्हणून ती पद्धत विचारून घ्यावी. सलाईनच्या बारा बाटल्यांचे पैसे लावले असतील, तर परिचारिकेने वेळ लिहून सही केलेल्या औषधतक्त्यात तितक्याच नोंदी आहेत का, मेडिकलमध्ये परत केलेली इंजेक्शने वजा झाली आहेत का, औषधाचा दर छापील कमाल किमतीच्या आत आहे का आणि ॲडव्हान्सच्या सर्व पावत्या जमेस धरल्या आहेत का, हे ताडून पाहावे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार मागणीनंतर 72 तासांत उपचारांच्या नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

बिल तपासणे शक्य असते, हे करोनाकाळाने महाराष्ट्राला दाखवून दिले. मे 2020 च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील साध्या कक्षाचा दर दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागाचा 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये असा बांधून दिला, बिले तपासण्यासाठी शासकीय लेखापरीक्षक नेमले गेले, आणि जादा रक्कम परत मिळावी म्हणून जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी पाठपुरावा केला. ते दरनियंत्रण साथीपुरते होते. मात्र महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील 2021 च्या सुधारणेनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना सक्तीचे आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेले उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेशी करारबद्ध, रुग्णालयात विनामूल्य मिळतात. तेथे कोणी पैसे मागितले, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे किंवा 155388 या क्रमांकावर तक्रार करावी.

आक्षेप नेहमी लेखी, बाबनिहाय नोंदवावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. रुग्णालयाने दाद दिली नाही, तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाता येते. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच दिला असल्याने सांगलीतील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क पडत नाही.

डॉक्टरांवरील विश्वास आणि हिशेबाची विचारणा यांत विरोध नाही. म्हणून दागिने गहाण टाकण्यापूर्वी किंवा शेळ्यामेंढ्या बाजारात नेण्यापूर्वी, प्रत्येक कुटुंबाने ते बिल एकदा ओळ न् ओळ वाचावे.