गस्तीनौकेवर माणसे किती?

नौदलासाठी नव्या वर्गाची गस्तीनौका आखताना तोफा, वेग आणि पल्ला यांच्या बरोबरीने एक आकडा अगदी सुरुवातीलाच ठरवावा लागतो, तो म्हणजे नौकेवरच्या अधिकाऱ्यांची आणि नौसैनिकांची संख्या. बंक, गोड्या पाण्याची यंत्रणा, शीतगृह, सांडपाण्याची टाकी आणि जीवरक्षक तराफे या सगळ्यांचे माप त्यावर बेतलेले असते. पोलाद कापले गेल्यावर माणसे वाढवायची म्हटले, तर जागा शोधावी लागते. दुसरीकडे, पंचवीस-तीस वर्षे चालणाऱ्या जहाजावर प्रत्येक जादा माणसाचा पगार, प्रशिक्षण आणि निवृत्तिवेतन यांचा भार सतत पडत राहतो.

आकडेमोड सुरू होते ती पहाऱ्यापासून. जहाज चोवीस तास चालते, त्यामुळे प्रत्येक जागेसाठी एकाहून अधिक माणसे लागतात. उदाहरणादाखल, ब्रिजवर ३, संचालन कक्षात २ आणि इंजिन नियंत्रण कक्षात २ अशा ७ जागा धरल्या, तर चार तास पहारा आणि आठ तास मोकळीक या तीन पाळ्यांच्या पद्धतीत २१ माणसे लागतील. माणशी आठवड्याला ५६ तास पहारा होतो. दोन पाळ्यांत हेच काम १४ जणांत भागते. पण पहारा ८४ तासांवर जातो आणि दुरुस्ती, सराव व झोप यांना वेळ उरत नाही. कप्तान, स्वयंपाकी, वैद्यकीय सहायक आणि भांडारपाल हे या पाळ्यांबाहेरचे.

मात्र अंतिम आकडा नेहमीच्या पहाऱ्यावर ठरत नाही. एकाच वेळी जास्तीत जास्त किती कामे अंगावर येऊ शकतात, यावर तो ठरतो. २०२४ च्या जानेवारीत 'आयएनएस सुमित्रा' या भारतीय गस्तीनौकेने सोमालियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ३६ तासांच्या आत दोन मासेमारी नौका चाच्यांपासून सोडवल्या. एकीवर १७ इराणी, तर दुसरीवर १९ पाकिस्तानी खलाशी होते. अशा कारवाईत हेलिकॉप्टर उडवायचे, बोट पाण्यात सोडायची, झडतीपथक पाठवायचे आणि तोफा सज्ज ठेवायच्या, ही कामे एकदमच करावी लागतात; जहाज तर चालूच ठेवायचे असते. त्यातच आग लागली किंवा पाणी आत शिरले, तर ते आवरायलाही हात हवेत. म्हणून आराखडा करणारे प्रत्येक प्रसंगासाठी कोण कुठे उभा राहील याचा तक्ता मांडतात. एकच माणूस एकाच प्रसंगात दोन ठिकाणी दिसला, की संख्या अपुरी ठरते.

नौकेची कामगिरी बदलली की हा आकडाही बदलतो. 'सुमित्रा' ज्या वर्गातली आहे, त्या गोवा शिपयार्डने बांधलेल्या १०५ मीटर लांबीच्या 'सरयू' वर्गाच्या नौकांवर ८ अधिकारी आणि १०८ नौसैनिक असतात. ७६ मिलिमीटरची तोफ, जवळून येणारा मारा रोखणाऱ्या तोफा आणि हेलिकॉप्टर यांना चालवणारी व सांभाळणारी माणसे त्यात येतात. ब्रिटिश नौदलाच्या 'रिव्हर' वर्गातल्या नव्या नौका ९० मीटरच्या. पण त्यांची मुख्य तोफ ३० मिलिमीटरची आणि हेलिकॉप्टरसाठी हँगर नाही. तिथे साधारण ४६ जण पुरतात. २०२१ मध्ये हिंद-प्रशांत क्षेत्रात गेलेल्या 'टॅमर' आणि 'स्पे' या नौकांवर दर काही आठवड्यांनी निम्मी माणसे बदलली जातात. त्यामुळे जहाज मायदेशी न परतता तैनात राहते. पण बदलीच्या माणसांमुळे नौदलाला एका नौकेमागे प्रत्यक्ष ४६ हून अधिक माणसे राखावी लागतात.

यांत्रिकीकरणाने पहाऱ्याच्या जागा कमी होतात. इंजिनांवर संवेदकांची नजर असली, तर इंजिन रूममध्ये सतत माणूस लागत नाही. मात्र गंज खरवडणे, यंत्र उघडणे आणि आग विझवणे ही कामे उरतातच. अमेरिकी नौदलाच्या 'लिटोरल कॉम्बॅट शिप' या किनारी युद्धनौकांचा मूळ चमू केवळ ४० जणांचा ठरला होता. दुरुस्तीचे बरेचसे काम किनाऱ्यावरच्या पथकांकडे सोपवायचे, असा बेत होता. २०१३ मध्ये त्यांपैकी 'फ्रीडम' ही नौका सिंगापूरला जाताना चमूत १० जणांची भर घालावी लागली. तरीही नौसैनिकांना आठ तासांच्या अपेक्षेऐवजी सुमारे सहा तासच झोप मिळत असल्याचे अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी नोंदवले.

म्हणून चमूची संख्या आणि बंकांची संख्या वेगळी ठेवतात. जादा बंकांवर कमांडो, प्रशिक्षणार्थी किंवा आपत्तीतून सोडवलेले लोक सामावतात. २०२५ मध्ये 'सरयू' वर्गातलीच 'सुनयना' नौका नऊ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक घेऊन कारवारहून निघाली. मार्च २०२३ मध्ये गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे मिळून ११ नव्या गस्तीनौकांची मागणी नोंदवली गेली. चाचेगिरीविरोध, घुसखोरीला आळा, शोध व बचाव अशी त्यांच्या कामांची यादी मोठी आहे, आणि तितक्याच वेगवेगळ्या तुकड्या त्यांच्यावर येणार.

शेवटची कसोटी भरतीची. २०२२ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या नौदलाने माणसांअभावी 'वेलिंग्टन' ही गस्तीनौका बंदरात उभी करून ठेवली. एका नौकेसाठी योग्य ठरलेला आकडा वर्गातल्या सगळ्या नौकांनी गुणावा लागतो. त्यात रजेवरची, प्रशिक्षणातली आणि किनाऱ्यावरच्या नेमणुकांवरची माणसेही धरावी लागतात. एवढे मनुष्यबळ नौदलाला वर्षानुवर्षे पुरवता येणार असेल, तरच तो आकडा मंजूर करण्यात अर्थ असतो. नाहीतर नौकांची संख्या, त्यांची कामे किंवा यंत्रसामग्री यांपैकी काहीतरी आराखड्यातच बदलावे लागते.