उलटे आटे

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला तीन वह्या टांगलेल्या आहेत. पहिल्या वहीतली पहिली नोंद मे 2012ची : ‘गाडी आणली. किल्ली नाही.’

किल्ली हरवलेली नव्हती. या गाडीला किल्ली नसतेच. डॅशबोर्डवर एक खटका, त्याच्या खाली सेल्फचं बटण आणि इंजिन बंद करायला ओढायची एक मूठ. चोरांसाठी स्टिअरिंगला साखळी गुंडाळून कुलूप लावायचं. मी फोनवर आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ते फौजेत एएससीला, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरला, ड्रायव्हर होते. म्हणाले, “किल्ली ज्याच्या खिशात, तोच नेमका मेला तर? गाडी काय तिथंच ठिवायची?”

गाडी म्हणजे अमेरिकन लष्कराची एम-35-ए-2. तिला इथे अमेरिकेत ‘ड्यूस अँड अ हाफ’ म्हणतात, म्हणजे अडीच टनी. अडीच टन हा रानातल्या वाटेचा हिशेब. पक्क्या रस्त्यावर ती पाच टन नेते. रिकामी असतानाच तिचं वजन सहा टनांच्या आसपास भरतं, आणि चाकं दहा. या घराण्याचे पहिले ट्रक 1950 साली रिओ कंपनीने मिशिगनमधल्या लॅन्सिंगला बांधले. मी राहतो तिथून ते गाव तासाभरावर. माझी गाडी मात्र 1970ची, कैसर जीपच्या इंडियानातल्या साउथ बेंड कारखान्यातली. लष्कराने मोडीत काढलेली गाडी लिलावातून एका शेतकऱ्याकडे गेली, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि मग माझ्याकडे. हे दोन मधले मालक पुढे महत्त्वाचे ठरले.

इंजिन सहा सिलेंडरचं, 7.8 लिटरचं, आणि ‘मल्टिफ्युएल’. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, सगळं पचवणारं. अडलंच तर पेट्रोलसुद्धा. ही किमया जर्मनीच्या एमएएन कंपनीची. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटीसारखा खळगा असतो. इंधन हवेत उडवण्याऐवजी त्याच्या तापलेल्या भिंतीवर मारायचं, ते तिथे पातळ पसरतं, वाफ होत जातं आणि बेताबेताने जळतं. मला हे कळलं त्या रात्री मी भारतात फोन लावला, कारण आबांनी ज्या शक्तिमानवर उमेदीची वर्षं काढली, तो ट्रकही 1959पासून जबलपूरला एमएएनच्याच परवान्याने बनायचा. दोन्ही गाड्यांचं माहेर एकच निघालं. आबा म्हणाले, “मग दमानं घे. जर्मन वस्तूला धसमुसळेपणा चालत न्हाई.”

मी मेकॅनिकल इंजिनीअर. दमाने घ्यायचं म्हणजे काय, ते मला डाव्या मागच्या चाकाने शिकवलं.

चाक काढायचं होतं. नट हलेना. पान्याला चार फुटी पाइप लावला, त्यावर उभा राहिलो, गंज सोडवायचं तेल ओतलं, बर्नरने तापवलं. अर्धा शनिवार असा गेला आणि शेवटी स्टड तुटला. या गाडीच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून केलेली ती योजना. म्हणजे मी अर्धा दिवस नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. स्टडच्या टोकावर त्यासाठी ‘एल’ हे अक्षरही ठोकलेलं असतं. ते रंगाच्या थरांखाली गेलं होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. मॅन्युअल मी उघडलं नव्हतं.

या मॅन्युअलबद्दल थोडं सांगायला हवं. ते गृहीत धरतं की वाचणारा एकोणीस वर्षांचा आहे, दमलेला आहे आणि कालपरवापर्यंत त्याने ट्रक पाहिलेला नाही. त्यामुळे कुठलीही पायरी गाळलेली नाही. शिवाय 1951पासून अमेरिकन सैन्य ‘पीएस’ नावाचं एक मासिक काढत असे, निव्वळ देखभालीचं, आणि तेही चित्रकथेच्या रूपात. विल आयस्नरसारखा नावाजलेला चित्रकार वीस वर्षं त्यासाठी ग्रीसिंग आणि फिल्टरांची चित्रं काढत होता. त्यातल्या नायिकेचं नाव कॉनी रॉड. सरकारी कागदाने माणसाला हसवत नट आवळायला शिकवावं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

2013 साल ब्रेकचं. या गाडीत पेडल हायड्रॉलिक आणि त्याला जोर हवेचा. हवेचा दाब साठ पौंडांच्या वर चढेपर्यंत कॅबमध्ये भोंगा कोकलत राहतो आणि तोवर गाडी हलवायची नाही. पण खरी गोम वेगळी आहे. सहाच्या सहा ड्रमना मिळून मास्टर सिलेंडर एकच आणि सर्किटही एकच. एक होज फुटला की सगळे ब्रेक गेले. तो मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, लोखंडी पत्र्याच्या आड; म्हणून ऑइल कोणी बघतच नाही. सैन्याने 80च्या दशकात सिलिकॉनचं ब्रेक ऑइल आणलं. मधल्या कुठल्या तरी मालकाने त्यावर दुकानातलं साधं ऑइल ओतलं होतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पत्रा उचलला तर आत काकवीसारखा लगदा. हे मला उतारावर पेडल खाली गेल्यावर कळलं. हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर असतो, तो धरला म्हणून शेजाऱ्याचं कुंपण वाचलं. त्या उन्हाळ्यात सगळे होज, सगळी व्हील सिलेंडरं आणि मास्टर सिलेंडर बदलले. वहीत खर्चाचा आकडा लिहिला होता, तो बायकोने बघू नये म्हणून खोडला. पानावर तो अजून वाचता येतो.

नंतर आली ती दोन वर्षं, ज्यांच्यासाठी हा मागोवा लिहायला घेतला.

2015च्या मे महिन्यापासून गाडी चढावर मरायला लागली. वीस मिनिटं झकास चालायची, मग धापा, पांढरा धूर आणि बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. मी आधी फिल्टर बदलले, सगळे. मग टाकी उतरवून धुतली. मग संशय इंजेक्शन पंपावर गेला. या पंपात सहा सिलेंडरांना मिळून प्लंजर एकच असतो आणि तो अडकण्याबद्दल बदनाम आहे. पंप काढून दुरुस्तीला पाठवला, तीन महिन्यांनी परत आला, टायमिंग जुळवून बसवला. गाडी पहिल्याच चढावर मेली.

आबांचं दर रविवारी एकच पालुपद होतं, “आरं, अर्थिंग बघ.” डिझेल गाडीच्या इंधनाचा अर्थिंगशी काय संबंध, असं मी मनात म्हणायचो.

संबंध होता. या गाडीच्या टाकीत विजेचा एक पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. तो मेला तरी इंजिनावरचा पंप डिझेल ओढून घेतो, म्हणून गाडी चालते आणि काही बिघडलंय असं वाटतच नाही. मात्र लाइनमध्ये ढकल असते तेव्हा ढिल्या सांध्यातून डिझेल ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढ लागली की त्याच सांध्यातून हवा आत शिरते, आणि हवा दिसत नाही. 2014च्या शरदात मी मोठ्या हौसेने चासीला नवा रंग दिला होता. टाकीच्या पंपाचं अर्थिंग जिथे चासीला टेकतं, तिथेही. रंगाखाली वीज जाईना, पंप फिरेना, आणि एका होजची क्लिप, तीही मीच बसवलेली, हवा घेत राहिली.

तपास दोन मिनिटांचा होता. इंजिन बंद ठेवून खटका चालू करायचा आणि टाकीजवळ कान न्यायचा : गुणगुण ऐकू आली पाहिजे. मग पहिल्या फिल्टरची तोटी सैल करायची : डिझेल चिळकांडीने आलं पाहिजे. मॅन्युअलमध्ये हे असणारच, म्हणून शोधलं. होतंच.

कानशीने दोन इंच रंग खरवडला. त्यानंतर गाडी चढावर एकदाही बंद पडलेली नाही.

त्या रात्री मी वह्या पुन्हा चाळल्या आणि प्रत्येक बिघाडापुढे एक अक्षर लिहिलं. गाडीच्या वयामुळे झाला असेल तर ‘व’, कोणाच्या तरी हातामुळे झाला असेल तर ‘हा’. आजवरच्या 43 बिघाडांत 27 ‘हा’ आहेत. त्यांतले 11 आधीच्या दोन मालकांचे, उरलेले माझे. ‘व’च्या खात्यात हबची सीलं, रबरी होज, एक अल्टरनेटर, आणि हिवाळ्यात इंजिनात जाणारी हवा तापवणारा ज्योतीचा हीटर, जो मी दुरुस्त न करता सोडून दिला आहे. डिसेंबर ते मार्च गाडी उभीच असते.

2018च्या उन्हाळ्यात आबा आले. पायदानावर पाय ठेवून, दोन्ही हातांनी दांडी धरून कॅबमध्ये चढले तेव्हा त्यांचं वय 74 होतं. मी सेल्फ मारला. या इंजिनाला टर्बो आहे, तो ताकदीपेक्षा धूर कमी करायलाच जास्त, आणि त्याची शीळ दोन गल्ल्या पलीकडे जाते. आबा बराच वेळ ऐकत राहिले. “आमची गुरगुरायची,” म्हणाले, “ही शिट्ट्या मारती.” मग उतरून डाव्या बाजूला गेले, नवीन स्टड शोधून काढला, त्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता हसले.

तिसऱ्या वहीतली शेवटची नोंद या एप्रिलची आहे. सेल्फ फिरेना. बॅटऱ्या दोन, 24 व्होल्ट, दोन्ही भरलेल्या. मी पाना न उचलता आधी मागचं पान उलटलं. हिवाळ्यासाठी गाडी उभी करताना बॅटऱ्यांना जोडणारी मधली पट्टी मीच काढून ठेवली होती. ती सीटखाली सापडली. नोंदीपुढे ‘हा’ लिहिलं आणि गाडी धुवायला बाहेर काढली.