हत्यार विलायती की देशी?

शाळेच्या कार्यशाळेसाठी हत्यारे घ्यायला गेलो की दुकानदार हमखास विचारतो, "इंपोर्टेड देऊ की आपलं साधं?" एके काळी याचे उत्तर ठरलेले असे. विलायती म्हणजे महाग पण टिकाऊ, देशी म्हणजे स्वस्त आणि कामचलाऊ. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलेली बहुतेक संख्यात्मक बंधने उठली आणि त्यानंतर अगदी स्वस्त परदेशी मालही गल्लीतल्या दुकानात दिसू लागला. इकडे रत्नागिरी-चिपळूणला बनलेल्या कानशी परदेशात विकल्या जातात. नाशिकला कारखाना असलेल्या टपारिया कंपनीने हाती वापरायची हत्यारे बनवायला १९६९ साली सुरुवात केली, ती एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. त्यांचा पाना देशी म्हणायचा की विलायती?

तेव्हा शिक्का बाजूला ठेवून हत्यारच पाहू.

पहिली गोष्ट पोलादाला दिलेले 'पाणी'. कार्बनी पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर साधारण २२० अंशांना गवती पिवळा रंग येतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. आपले लोहार हा रंग पाहूनच काम करत आले आहेत. पाणी कमी पडले तर स्क्रू ड्रायव्हरचे टोक पिळवटते, जास्त झाले तर तुकडा उडतो. आणि टोक घसरले की ते मुलाच्या तळहातात घुसते. वरचा क्रोमचा मुलामा यातले काहीच सांगत नाही. टोकाच्या कडेवर चांगली कानस हलकेच फिरवावी. खिळ्यासारखा कीस सहज पडला तर पोलाद मऊ आहे. कानस घसरत घसरत जेमतेम धरत असेल तर पाणी ठीक आहे.

गुण्याची परीक्षा तर भूमितीचा सुंदर पाठच आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून टोकदार सुरीने १५० मिलिमीटर लांब रेघ ओढा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. रेघा एकावर एक आल्या तर कोन ९० अंशांचा. वरच्या टोकाला ०.६ मिलिमीटर अंतर पडले तर खरी चूक त्याच्या निम्मी, म्हणजे १५० मिलिमीटरला ०.३, कोनात सुमारे ०.११ अंश. यासाठी कुठलाच प्रमाण गुण्या लागत नाही, कारण उलटल्यावर चूक स्वतःच दुप्पट होऊन दिसते.

व्हर्नियर कॅलिपरचे जबडे मिटून उजेडासमोर धरा. फट सगळीकडे सारखी मिटायला हवी. शून्याची चूक वजा करता येते, जबड्यांचा तिरपेपणा नाही. मग नामांकित बनावटीचे ६२०१ क्रमांकाचे नवे बेअरिंग मोजा. त्याचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर असतो आणि फरक जेमतेम ०.०१ मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे ०.०२ लघुत्तम मापाच्या कॅलिपरला न जाणवणारा.

आमच्या मते हातोडी, कानस, पक्कड, व्हाईस चांगल्या देशी बनावटीचे घ्यावे. त्यात विलायती नावासाठी कित्येक पट पैसे मोजणे परवडत नाही, आणि व्हाईसचा स्क्रू झिजला तर देशी सुटा भाग मिळण्याची शक्यता जास्त. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर एका उत्तम कॅलिपरवर घालावेत, मग तो जपानी का असेना. तो कपाटात ठेवून बाकीचे दहा साधे कॅलिपर दर सहामाहीला त्याच्याशी ताडून पाहता येतात, आणि ते काम नववीची मुले आनंदाने करतात.