कडी नसलेली खिडकी

आमचा विभाग गेल्या महिन्यात नव्या इमारतीत हलला. निवृत्त माणसांना अशा वेळी चहाला बोलावतात, म्हणून गेलो. दारातच हरित इमारतीच्या मानांकनाचा चकचकीत फलक: प्लॅटिनम. वर्गात शिरलो तर सवयीने हात खिडकीच्या कडीकडे गेला. कडी नव्हतीच, काच पक्की बसवलेली. एसी बंद होता आणि पोरं वहीने वारा घेत होती.

ब्रिटनमधलं १९९० सालचं ब्रीम, त्यामागून आलेलं अमेरिकेतलं लीड, ही असली मानांकनं आम्ही नुसती वाचून सोडून दिली होती. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली लीड प्लॅटिनम मिळालं, अमेरिकेबाहेर पहिलंच, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. पुढच्या वर्षी डॉ. कलामांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर मी मुलांना तिथे घेऊन गेलो. वास्तुरचनाकार करण ग्रोव्हरांनी मधल्या चौकाभोवती गोल फिरवलेली इमारत, जाळीच्या भिंती, एसीकडे जाणारी हवा आधीच गार करणारे वाऱ्याचे मनोरे. एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर आजोबांचा वाडा." त्याला तिथल्या तिथे पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले.

पुढची दहा वर्षं मी अक्षरशः जगलो. २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. त्याच सुमारास 'गृह' हे आपलं राष्ट्रीय मानांकन ठरलं, आणि त्यात बिनएसीच्या इमारतींनाही मान होता. आयआयटी कानपूरच्या पर्यावरण केंद्राला त्याचे पाच तारे मिळाले, तेव्हा विद्यापीठाची इमारतही असं करू शकते म्हणून आम्ही हुरळलो. पोरं थर्मामीटर आणि टेप घेऊन गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्याच्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या, जाड दगडी भिंती मोजत हिंडायची. छज्जा किती पुढे काढला की मे महिन्यातलं ऊन अडतं, यावर कॅन्टीनमध्ये भांडणं व्हायची!

मग मानांकन मिळवून देणारे सल्लागार आले. त्यांच्या तोंडी ऊन-वारा नसायचा, गुण असायचे. सायकल स्टँड आणि शेजारी न्हाणीघर केलं की एक गुण, म्हणून एका संस्थेने दोन्ही बांधलं. सायकलवरून कुणी आलं नाही. न्हाणीघरात आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. पश्चिमेला अख्खी काच लावायची आणि संगणकातल्या एका काल्पनिक इमारतीपेक्षा आपली किती वीज वाचवते ते दाखवायचं. वर्षभराने बैठकीत मी खऱ्या वीजबिलाची चौकशी केली, तर एक पदाधिकारी म्हणाले, "सर, रेटिंग मिळालंय ना?" त्या बैठकीचा चहा मी अजून विसरलेलो नाही.

२०१७च्या सुमारास कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकने मूल्यांकनाची चौकट बदलली. पुढे हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षणाच्या विचारणेला जोर आला, तशी अहवालांची रीघ लागली. एका अहवालात चौदाव्या पानावर भलत्याच कॉलेजचं नाव राहून गेलेलं मी स्वतः पाहिलं. पद्धतीला सगळा दोष देणार नाही. वापरातल्या इमारतींसाठी लीडचं आणि आयजीबीसीचं, म्हणजे भारतीय हरित इमारत परिषदेचं, वेगळं मानांकन आहे. पण तिथे प्रत्यक्ष बिलं काढून दाखवावी लागतात, आणि आमच्याकडे तेवढ्यासाठीच कुणी अर्ज करत नाही.

जुन्या इमारतीत एक शिपाईमामा होते. पहाटे येऊन सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. रात्रीचा गारवा आत भरला की दहाला मिटायचे, वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारायचे. ते गेल्यावर ती जागा भरली नाही. नव्या इमारतीच्या देखभालीचं कंत्राट मात्र आहे, आणि कंत्राटदाराचा माणूस त्या दिवशी दुपारपासून 'वाटेवर' होता.

निघताना फलकाखाली सुरक्षारक्षकाची खुर्ची दिसली नाही. तो समोर आमच्या जुन्या दगडी व्हरांड्यात बसला होता. मला पाहून उठला आणि ओशाळून म्हणाला, "काय करू सर, चारनंतर तिकडं भट्टी होते."

मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकलो.